बाई आणि वाघोडियाची बस

आमच्या बाईंना ‘अनेक’ हा शब्द खपत नसे. ‘असंख्य’ तर त्यांच्या लेखी शिवीच होती. बडोद्याच्या संध्याकाळच्या पत्रकारितेच्या वर्गात मी पहिली बातमी लिहून नेली, ती आमच्या गल्लीतल्या पाणीटंचाईची. पहिलंच वाक्य होतं, ‘नळाला पाणी न आल्याने अनेक नागरिक संतप्त झाले.’ बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“अनेक म्हणजे कोण कोण गं? तू, तुझी आई आणि शेजारीण?”

खरं म्हणजे तेवढ्याच होत्या.

दुसऱ्या एकाने ‘शहरात संतापाची लाट’ असं लिहिलं होतं. त्याला त्यांनी विचारलं, “लाट आली तेव्हा तू कुठे होतास? भिजलास का?” वर्ग हसला, तो बिचारा ओशाळला, आणि बाईंनी पिशवीतून गाठियांची पुडी काढून सगळ्यात आधी त्याच्या पुढे धरली. त्यांची ही रीतच होती. ज्याला सोलून काढायचं त्याला आधी खायला मिळायचं. त्यामुळे पुडी आपल्याकडे वळली की आम्ही आधी वही मिटायचो.

बाजार नुकता मोकळा झाला होता, तेव्हाचा हा काळ. गावात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. वर्तमानपत्रं रंगीत झाली होती, जाहिराती पानभर पसरल्या होत्या आणि जो तो टक्क्यांत बोलायला लागला होता. फतेगंजच्या एका दुकानात साबणाच्या वड्यांवर लिहिलेलं असायचं, ‘आता दुप्पट सफाई’. बाई दुकानदाराला विचारत, “शेनाथी डबल, भाई?” कशाच्या दुप्पट? तो म्हणे, “कंपनीवाळा जाणे, बेन.” बाई म्हणत, “तो पछी कंपनीवाळा ज न्हाय.” मग कंपनीवालेच आंघोळ करोत म्हणून त्या जुनाच साबण घेऊन बाहेर पडत.

बाई सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेल्या. आजोबा संस्थानाच्या काळात महसूल खात्यात होते, वडील शिक्षक, आणि ही मुलगी आकड्यांत रमली. फतेगंजात माडीवरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पातळ नेहमी सुती, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत शिंप्याचा टेप, खडू आणि गाठिया. मोपेड इतकी हळू चालवत की सायकलवाले त्यांना मागे टाकून, शिवाय वळून पाहून हसत. मराठी मुलांच्या त्या बाई, बाकीच्यांच्या बेन. माझ्याशी मराठी बोलायच्या, वर्गाशी गुजराती, आणि रागावल्या की सगळ्यांशी मराठी. गुजराती मुलांना त्यामुळे आणखी काही आलं नाही तरी मराठीतला राग उत्तम कळायला लागला.

आता या विद्येला डेटा जर्नालिझम म्हणतात. मी स्वतः नव्या वार्ताहर मुलांना तिची तोंडओळख करून देते. मुलं संगणक उघडून बसतात, मी बोलायच्या आधी त्यांचे तक्ते तयार असतात. रंगही छान दिलेले असतात. मी विचारते, हे कोणी मोजलं, कोणत्या दिवशी मोजलं, आणि मोजणाऱ्याला काय हवं होतं? मग तक्ते जरा वेळ बंद होतात. हे तिन्ही प्रश्न बाईंचे. मी त्यांत काहीही भर घातलेली नाही.

आणि हो, या लेखात आकडे फारसे सापडणार नाहीत. आठवणीतून आकडा लिहायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. “आठवण गोष्टीसाठी ठीक आहे,” म्हणायच्या, “आकडा आठवला की तो आपल्या सोयीचाच आठवतो.”

सरासरी त्यांनी आम्हाला भाकरवडीवर शिकवली. एक मोठं पुडकं आणलं आणि आमच्यातल्या एका दांडग्या मुलाच्या हातात दिलं. म्हणाल्या, “खा.” तो खात राहिला. आम्ही पाहत राहिलो. पुडकं संपल्यावर बाईंनी फळ्यावर भागाकार केला आणि जाहीर केलं, “वर्गाने आज सरासरी पोटभर खाल्लं. आता ‘बडोद्यातलं सरासरी उत्पन्न वाढलं’ ही बातमी आणा आणि मला सांगा, पुडकं कोणाकडे होतं.” त्या मुलाला त्या रात्री जेवण गेलं नाही आणि आम्हाला सरासरीवर विश्वास ठेवायची सवय राहिली नाही.

नवरात्रात तर त्यांनी कहर केला. गावातल्या एका मोठ्या गरब्याचे आयोजक दर वर्षी खेळणाऱ्यांचा असा काही आकडा सांगत की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. वर्तमानपत्रं तो जसाच्या तसा छापत. बाई भर दुपारी आम्हाला मैदानावर घेऊन गेल्या. टेप धरून मैदान मापलं, खडूने एक चौकोन आखला आणि त्यात आम्हाला गरब्याच्या टाळीपुरती जागा ठेवून उभं केलं. मग एकदाच गुणाकार. आयोजकांचा आकडा खरा असता तर प्रत्येकाच्या खांद्यावर आणखी दोघंतिघं खेळायला हवी होती. आयोजक धावत आले.

“बेन, तमे गरबा रमवा आव्यां छो के जमीन मापवा?” खेळायला आलात की जमीन मापायला?

“पहेलां मापीश,” बाई टेप गुंडाळत म्हणाल्या, “पछी रमीश.”

आणि संध्याकाळी खरोखर चणिया-चोळीतल्या पोरींच्या मध्ये सुती पातळात खेळायला उभ्या राहिल्या. टाळी हमखास अर्ध्या मात्रेने चुकायची, पण तोंडावर असा आनंद की त्यांच्या मागची रांगही खुशाल चुकायला लागली.

हे सगळं ऐकून बाई आकड्यांच्या नादात माणसं विसरत असतील असं कोणाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. एकदा मी धीर करून तसं म्हणालेही. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, “अगं, मोजणं म्हणजे माणसाला धरणं. ज्याला कोणी मोजत नाही त्याच्यासाठी नळ येत नाही, शाळा येत नाही, बस येत नाही.” बसबद्दल त्या असं म्हणाल्या तेव्हा वाघोडियाच्या बसचं प्रकरण अजून सुरू व्हायचं होतं.

आमच्या वर्गात जिग्नेश नावाचा एक मुलगा होता. त्याची फोई, म्हणजे आत्या, सविताबेन, वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. नवरा आजारी, सासू म्हातारी, घर तिच्या पगारावर. सकाळी जायला काही ना काही मिळायचं, पण संध्याकाळी परत आणणारी बस एकच. बसखात्याने ती बंद करायचं ठरवलं. कारण दिलं, प्रवासी मिळत नाहीत. निरीक्षकाने मोजणी केली होती आणि बस जवळजवळ रिकामी धावत असल्याचं कागदावर सिद्ध झालं होतं. बस गेली की सविताबेनची नोकरी गेली, आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणींची. ‘कितीतरी’ हा शब्द मी बाईंसमोर वापरला नसता.

जिग्नेशने हे वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी गाठिया बाजूला ठेवले. पहिला प्रश्न, “मोजणी कोणत्या वारी केली?” आम्ही बसखात्यात चार खेटे घालून वार काढला. गुरुवार. बाई ऐकताच हसल्या. त्या दिवसांत वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांच्या वसाहतींना सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिलेल्या असत. वाघोडियाची सुट्टी गुरुवारी. रविवारी तिथे यंत्रं चालू आणि गुरुवारी शुकशुकाट. निरीक्षकाने बिचाऱ्याने रविवार टाळून मोजलं होतं, कारण त्याच्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार. लबाडी नव्हती. शहरातल्या माणसाची चूक होती, इतकंच.

“मग आपण कामाच्या दिवशी मोजू,” बाई म्हणाल्या. आम्हाला तर स्फुरणच चढलं. एका स्थानिक दैनिकाच्या संपादकांनी रविवारच्या पुरवणीत जागाही द्यायचं कबूल केलं. आम्ही ठरलेल्या दिवशी वाघोडियाच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. आणि काय सांगू, बस खच्चून भरली! बायका दारात लोंबायच्या बेतात. एक खूप म्हाताऱ्या आजी खिडकीशी बसून बाहेरच्या दुनियेकडे डोळे भरून बघत होत्या. मी हात दुखेपर्यंत रेघा ओढत होते. परतीच्या वाटेवर आम्ही सगळे विजयी वीर. बाई मात्र पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसलेल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि गाठियांची पुडी थेट जिग्नेशच्या पुढे ठेवली. त्याचा चेहरा उतरला.

“डबे किती होते?” त्यांनी वर्गाला विचारलं.

कसले डबे? आम्ही तर डोकी मोजली होती.

“दिवसभर काम करून परतणाऱ्या बाईच्या हातात जेवणाचा डबा असतो. काल बसमध्ये बायका भरपूर होत्या, डबे त्या मानाने फार कमी. ज्यांच्याकडे डबा नव्हता त्यांच्या साड्याही घडीच्या होत्या. जिग्नेश, आपण येणार हे कोणी सांगितलं?”

जिग्नेशने सांगितलं होतं. फोईला. आणि फोईने रातोरात सगळ्या वस्तीला. नणंदा, जावा, शेजारणी, झाडून सगळ्या दुपारीच मिळेल त्या वाहनाने वाघोडियाला पोचल्या होत्या, फक्त संध्याकाळी त्या बसने परत यायला. खिडकीतल्या आजी म्हणजे सविताबेनची सासू. कित्येक वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. तिला तो प्रवास इतका आवडला की घरी आल्यावर तिने विचारलं म्हणे, “पाछुं क्यारे गणवानुं छे?” पुन्हा कधी मोजायचंय?

आम्हाला हसू आवरेना. बाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग रुमालाने डोळे टिपून म्हणाल्या, “ही मोजणी रद्द.”

हसू तिथेच थांबलं. जिग्नेश उभा राहिला. असा तो बाईंशी कधी बोलला नव्हता. “बेन, बस बची जाय तो खोटुं शुं?” बस वाचली तर वाईट काय? बसखात्याच्या साहेबांनी सुट्टीच्या दिवशी मोजलं ते चाललं. आपण जरा भरलेल्या बसमधली माणसं मोजली तर कोणाचं काय गेलं? डबे फक्त तुम्ही पाहिलेत. आम्ही कोणी पाहिले नाहीत. संपादक पान लावून बसलेत. मनातून मी पूर्णपणे जिग्नेशच्या बाजूची होते, आणि वर्गातलं एकही माणूस बाईंच्या बाजूचं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या. वर्गात बसून शिकवताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“मला ही बस हवी आहे,” त्या म्हणाल्या. “माझी पहिली नोकरी आणंदला होती. संध्याकाळी घरी परतायला एक गाडी होती, म्हणून वडिलांनी जाऊ दिलं. ती नसती तर मी आज कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असते. तेव्हा बस म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, बेटा. पण उद्या त्या साहेबाने परत माणूस पाठवला तर? बस अर्धी रिकामी दिसेल आणि तुझी फोई खोटी पडेल. आज तिच्याकडे दुसरं काही नाही, तिचं खरं तेवढं आहे. ते मी घालवू?”

मग त्या स्वतः सविताबेनकडे गेल्या. मी बरोबर होते. सविताबेनने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा स्फोट झाला. “साहेबनो खोटो आंकडो चाले, ने अमारो नहीं चाले?” साहेबाचा खोटा आकडा चालतो, आमचा नाही? बाई म्हणाल्या, साहेबाचाही चालू देणार नाही. सविताबेनने तोंड फिरवलं. कपातला चहा तसाच ठेवून बाई उठल्या. जिना त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांचा हात धरला नाही. आज त्या हाताची आठवण आली की जीव कळवळतो.

दुसरी मोजणी आम्ही कोणाला न सांगता केली, आठवडाभर रोज. जिग्नेशने तोंड उघडलं नाही. बस रिकामी नव्हती, पण भरलेलीही नव्हती. हातात घेऊन मिरवावा असा आकडा नव्हताच तो. आम्ही हिरमुसलो. बाई म्हणाल्या, आता दुसरा प्रश्न विचारा. बसमध्ये किती जणी आहेत हे झालं. ही बस नसेल तर काय कराल, ते एकेकीला विचारा. आम्ही हलत्या बसमध्ये दांड्याला लटकून विचारत गेलो. एक म्हणाली, दीर स्कूटरवर आणेल. एक म्हणाली, जीपमध्ये बसेन, पण जीपवाल्यांबरोबर अंधारात जायला भीती वाटते. बाकीच्या बहुतेक जणी एकच सांगत होत्या, नोकरी सोडावी लागेल. काही तर खिडकीबाहेर बघतच सांगत होत्या.

बाईंनी बातमी आमच्याकडून सात वेळा लिहून घेतली असेल. (हा आकडा आठवणीतला आहे, धरू नये.) त्यात निरीक्षकाचा गुरुवार आला, आमचा लहान आकडा आला, नोकरी सोडावी लागेल म्हणणाऱ्यांची संख्या आली. आणि बाईंच्या हट्टाने एक वाक्य आलं, की पहिल्या मोजणीच्या दिवशी बायकांनी घरची माणसं आणून बस भरली होती, म्हणून ती मोजणी आम्ही धरलेली नाही. नाव कोणाचं नव्हतं. पण वस्तीला कळायचं ते कळलं. सविताबेनने जिग्नेशकडे निरोप दिला की तुझ्या बेनला सांग, पुन्हा माझ्या दारात येऊ नको. बाईंनी निरोप ऐकला, “बराबर आहे,” म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर काय लिहिलं ते वर्गात कोणालाच वाचता आलं नाही, इतकं अक्षर वाकडं आलं होतं.

थोड्या दिवसांनी बसखात्याच्या साहेबांचं बोलावणं आलं. आम्ही दोघंतिघं बाईंबरोबर गेलो. साहेब आमच्या बातमीचं कात्रण पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, मोठा आकडा हातात असताना तुम्ही स्वतः तो का खोडलात? बाई म्हणाल्या, “खोटो हतो एटले.” खोटा होता म्हणून. साहेबांनी कात्रण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आकडा फुगवून आणतो. शेवटी हुकूम निघाला, बस कामाच्या दिवशी चालू राहील, गुरुवारी बंद.

आम्ही जिन्यावरच नाचायला लागलो. ‘आमच्या बातमीमुळे बस वाचली’ हे वाक्य माझ्या डोक्यात तयारही झालं. बाईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. “बातमी छापली हे खरं. बस राहिली हेही खरं. मध्ये ‘म्हणून’ घालू नकोस. साहेबांच्या मनात आणखी काय होतं ते तुला ठाऊक नाही.” असा आमच्या आनंदावर बोळा फिरवून त्या मोपेडकडे गेल्या. किल्ली मात्र तीनदा खाली पडली.

त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन वाघोडियाला गेल्या. सविताबेनला स्वतः सांगायचं होतं. थांब्यावर बायका उभ्या होत्या, हातात डबे. सविताबेनला ड्रायव्हरकडून आधीच कळलं होतं. तिने बाईंना पाहिलं, पण जागची हलली नाही. बस आली. बायका चढायला लागल्या. सविताबेन सगळ्यात शेवटी पायरीवर चढली आणि तिथेच थांबून मागे वळली.

“अने बस बंध थई गई होत तो?” आणि बंद झाली असती तर?

बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. मी वाट पाहत होते, त्या आता काहीतरी नेमकं बोलतील. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तो हुं घरे जईने रडत, सविताबेन.”

तर घरी जाऊन रडले असते, म्हणाल्या. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नाही. सविताबेनने डबा काखेत मारला आणि पायरीवरून वाकून हात पुढे केला.

“घरे जईने शुं काम? अमारी साथे रडत. चालो, बेसो हवे.” घरी जाऊन कशाला, आमच्याबरोबर रडला असतात. चला, बसा आता.

बाईंनी तो हात धरला आणि बसमध्ये चढल्या.